वर्षाला किती बैठका?

ती. मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द सवयीने लिहितो, या वेळी पत्र संपेपर्यंत मी खरोखरच आडवा आहे असं समज.) इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यावर तू मंडळाचं कार्यालय खाली आणण्याऐवजी डॉक्टरच बदललास, असं आईकडून कळलं. काकांना कानाचं यंत्र बसवलं हे बरं झालं. ते आल्यापासून काका गाण्याला पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत जाऊन बसतात म्हणे. त्याचं कारण मी विचारत नाही, तूही विचारू नकोस.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तिकीट उलटं होतं, त्यावरूनच आत काय असेल याचा अंदाज आला. न्यासाने तुझ्या संगीत मंडळाचं अनुदान नाकारलं, आणि ते नाही मिळालं तर पुढच्या महिन्यापासून मालक तुमचा हॉल टायरच्या गोदामाला देणार. म्हणजे एकतीस वर्षं चाललेलं गाणं बंद. कारण काय, तर वर्षाला किमान चोवीस बैठका हव्यात आणि तुमच्या भरतात आठ. ही अट कोणत्या दीडशहाण्याच्या डोक्यातून निघाली ते शोधून काढ, असं तू लिहिलंस. कलासंस्था कशा चालतात आणि त्यांना पैसा कुठून मिळतो यावर सहा वर्षं संशोधन करतो आहेस, घरच्यांना एकदा तरी उपयोग होऊ दे, असंही लिहिलंस. शोधून काढला. उंची साडेपाच फूट, पुढून टक्कल, आणि सध्या तो तुलाच पत्र लिहितो आहे. कसं झालं ते सांगतो.

माझी प्रश्नावली तुला आठवत असेल. (तू तिच्या कोपऱ्यात वाणसामानाची यादी केली होतीस, तीही मी जपून ठेवली आहे.) सदतीस संस्था, चौसष्ट प्रश्न. त्यातला एकोणिसावा असा: ‘आपल्या संस्थेच्या वर्षाला किती बैठका होतात?’ मला अभिप्रेत होती ती कार्यकारिणीची बैठक. म्हणजे टेबल, चहा, ठराव आणि उशिरा आलेले खजिनदार. आधी मी ‘सभा’ लिहिलं होतं, पण माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या की सभा म्हटलं की मैदान आणि भोंगा डोळ्यांपुढे येतो, त्यापेक्षा बैठक बरी, घरगुती वाटते. मी बदललं. आता चित्रकलेच्या एका संस्थेने बरोबर माझ्या मनातलंच उत्तर दिलं, बावन्न. (तिथे मी जाऊन आलो. बारा गादीच्या खुर्च्या आहेत, अध्यक्षांपुढे लाकडी हातोडी आहे, आणि दालनाच्या पडद्याचा रंग ठरत नसल्यामुळे तीन वर्षांत एकही प्रदर्शन नाही.) तुझ्यासारख्या गाण्याच्या मंडळांनी मात्र गाण्याच्या बैठका मोजल्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं? ड्रम शिकवणाऱ्या एका पैलवान गृहस्थांनी लिहिलं, ‘रोज दोनशे, रविवारी सुट्टी.’ त्यांच्या मांड्या मी स्वतः पाहिल्या आहेत, तरी मला वाटलं आकडा लिहिताना हात घसरला असेल, म्हणून मी ते उत्तर वगळलं. एक फॉर्म चुकून खुर्च्या-गाद्या भाड्याने देणाऱ्याकडे गेला. त्याने लिहिलं, ‘चाळीस, पैकी चार उसवलेल्या.’ हे मी ‘चार बैठका अपूर्ण’ असं नोंदवलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला एकाच शब्दाचे चार मार बसले आणि एकही लागला नाही.

या खिचडीतून माझा निष्कर्ष निघाला, की बैठका जास्त तिथे अनुदान जास्त. बाईंनी समासात लाल शाईने ‘मौलिक’ लिहिलं. मी तो एका परिसंवादात वाचला, टाळ्या पडल्या, आणि समोर न्यासाचे सचिव बसले होते, त्यांनी तो खिशातल्या वहीत उतरवून घेतला. महिन्याभरात नियम झाला: चोवीस बैठका, इतिवृत्तासह. वर तज्ज्ञ म्हणून इतिवृत्तं तपासायला मलाच बोलावलं. (दोनदा चहा दिला, त्यामुळे मी जरा हवेतच होतो.) सहावी फाइल उघडली तर अक्षर तुझं. ‘उपस्थिती त्रेसष्ट, खिडकीत चार. अध्यक्ष नेमला नाही, कारण गाणाऱ्याच्या मध्ये बोलायला कोणी नको होतं. शेवटचं गाणं पुन्हा म्हणावं अशी सूचना मागच्या रांगेतून आली, सर्वांनी एकदम अनुमोदन दिलं, अंमलबजावणी जागच्या जागी झाली.’ मी मोठ्याने हसलो. मग खाली सचिवांचा शेरा दिसला, ‘बैठका अपुऱ्या, ठोस निर्णय नाही’, आणि हसू आवरलं, कारण प्रश्न एकोणीस एकदम डोक्यात लख्ख झाला. घरी येऊन सदतीस फॉर्म जमिनीवर पसरले आणि त्यांच्या मधोमध बसून राहिलो.

मावशी, मला फार वाईट वाटलं. माझ्या एका शब्दाने तुझं मंडळ बंद पडणार म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि सहा वर्षांचा प्रबंध बुडणार या भीतीने तिसऱ्या दिवशीही गेलं नाही. (खरं तेच लिहितो.) पण मार्ग सापडला आहे. सोबतच्या कागदावर मी टाइप केलंय, ‘प्रश्न १९ मला नीट समजला नव्हता, आमच्या कार्यकारिणीच्या वर्षाला चोवीस बैठका होतात.’ त्यावर फक्त सही कर. तुला अनुदान, मला पदवी, कोणाचं काही बिघडत नाही. काकांना नमस्कार सांग, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तुझा,
भाचा

ता. क. १ : सही करू नकोस. कागद पाकिटात शोधूही नकोस, फाडून टाकला. शुद्धलेखनासाठी पत्र बायकोला दाखवलं. तिने एवढंच विचारलं, “प्रश्न आपल्याला कळला नाही, असं मावशी लिहून देतील? आणि तेही तुमच्यासाठी?” आणि डबा घेऊन कामावर निघून गेली. तिचं बरोबर आहे. उत्तरं सगळी बरोबर होती, प्रश्नच चुकीचा होता, असं मी न्यासाला आणि बाईंना लिहून दिलं. बाईंनी प्रबंध परत पाठवला, एकोणिसाव्या प्रश्नापासून पुन्हा कर म्हणून. दोन वर्षं धर.

ता. क. २ : पत्र चार दिवस टेबलावरच राहिलं ते बरं झालं. आज सचिवांचा फोन आला. चोवीसची अट रद्द. आता फक्त जुना नियम उरतो, की सभासदांची वर्षातून निदान एक तरी सभा झाली पाहिजे आणि तिचं इतिवृत्त तीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे. आईला विचारलं, तर तिच्या माहितीप्रमाणे तुमच्या सभासदांची शेवटची सभा जिन्यात झाली होती, तीही वीज गेल्यामुळे सगळे अडकले होते म्हणून.

ता. क. ३ : तेव्हा खरी विनंती ही. येत्या रविवारी सभा घे. सगळं मीच ठरवते, मग सभेत बोलायचं काय, असं तू म्हणशील. विषय मी सुचवतो: ‘संशोधक भाच्याचा तीव्र निषेध.’ ठराव एकमताने झाला पाहिजे, हॉल त्यावर अवलंबून आहे. भाषा हवी तेवढी कडक ठेव, न्यासाची त्यावर मर्यादा नाही. सूचक म्हणून आई तयार आहे, ती आजीव सभासद आहेच. अनुमोदनाचीही काळजी करू नकोस. बायकोने आजच सभासदत्वाचा अर्ज भरला.