स्वतःचं नाव सांगताना

यज्ञेशदादा,

आमचा गाण्याचा ग्रुप बसवणाऱ्या माधवीताईंना तू गुपचूप फोन केलास. "संचिता अडखळते, तिला मागे उभी करा, उगाच शोभा नको." ताईंनी मला ते सांगून विचारलं, "तुला कुठे उभं राहायचंय?" मी म्हटलं, "पु... पुढे."

काल कळव्याच्या हॉलमध्ये सगळ्यांसोबत अख्खं गाणं मी न अडखळता गायले. नंतर माइकवर स्वतःचं नाव सांगताना मात्र अडकले. लोक शांतपणे थांबले. कोणी हसलं नाही. लहानपणापासून हसत आलायस तो तूच.

हे पत्र मी पाठवणार नाही. रविवारी घरी आलास की सगळं तोंडावर बोलणार आहे. कितीही वेळ लागू दे, माझं वाक्य तू पुरं करायचं नाहीस.

तुझीच बहीण,
संचिता