सोड्यात धुतलेले अभनपूर

मी, वनमाला सुधाकर घाटोळे, वय एकोणसत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार तात्यापारा, रायपूर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. डोक्याबद्दल घरात मतभेद आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर माझे यजमान सुधाकर यांना, त्यांच्यामागे मुलगा पुष्करला. अट एकच, छतावर शेड घालायची नाही. "मम्मी, शेड डलवा देते हैं, गर्मी कम लगेगी," असे तो दर उन्हाळ्यात म्हणतो. अरे, मला ऊनच तर हवे असते! कागदाला रसायन लावून, वर मोहाची पाने मांडून, काचेने दाबून तो कागद छतावर उन्हात ठेवायचा. मग पाण्यात धुतला की पानांची जागा पांढरी राहते, बाकी सगळे गर्द निळे. त्यावर मी रंगांचे फराटे ओढते. झाड एकही काढत नाही, तरी रान दिसते.

छतावरचे ऊन, काचा, ब्रश आणि रसायने सून स्नेहलला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

२. बँकेतली ठेव मुलगी मंजिरीला. तिने माझे एकही चित्र कधी मागितले नाही, निदान पैसे तरी घ्यावेत.

३. नणंद पद्मिनीताईंनी भर प्रदर्शनात विचारले होते, "वनमाला, हे उलटं तं नाही टांगलं?" त्यांना तेच चित्र. चारही बाजूंना कड्या लावल्या आहेत.

४. आता 'अभनपूर' हे चित्र. खरे भांडण याचेच. अभनपूर गावच्या शेतातून आणलेल्या धानाच्या लोंब्यांचा तो ठसा फार सुरेख उठला होता. मी कागद धुते हे पाहून यांनी मदत म्हणून बादलीत कपड्यांचा सोडा टाकला. निळ्याचे पिवळे झाले. मी रडले, मग रागारागाने त्यावर हिरवे, करडे फराटे मारले, आणि कापणीला आलेले शेत समोर उभे राहिले.

तेव्हापासून यांचे एकच: "मी सोडा टाकला नसता तं तुले हा पिवळा भेटला असता काय? माहं नाव काहून नाही खाली?"

"बादलीवर लिहा," मी म्हणायची.

गिऱ्हाइके आली, मी विकले नाही. चित्र गेले असते तर यांची तक्रारही गेली असती, आणि ती मला ऐकायला आवडते.

हे चित्र सुधाकर यांचे. ते माझ्याआधी गेले तर काय, असे वकीलसाहेबांनी विचारले. तसे कलम मी लिहिणार नाही. यांनीच माझ्यामागे थांबावे.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असेही वकीलसाहेब म्हणाले. म्हणून यांची सही इथे नाही. ती आज सकाळी चित्राखाली घेतली, माझ्या सहीशेजारी. 'ध' वाकडा आला. तो कोणी सुधारायचा नाही.

वाचून, समजून, हसून सही केली.
वनमाला सुधाकर घाटोळे

आमच्यासमोर सही झाली:
१. शर्मिष्ठा बोबडे, शेजारीण
२. पियुष लांबट, यजमानांचे मित्र

रायपूर, १२ फेब्रुवारी २०२५