गळाला काय लागेल

१४ एप्रिल

मायलो अजून सापडला नाही. पाणबुडे आज परत गेले. तरुण पोलीस थिआला म्हणाला, "हडसनचं पाणी अजून फार थंड आहे, मॅडम. तापलं की... मग वर येतात." त्याने वही मिटली. थिआने त्याची बाही धरली. मग विचारलं, "तापणार कधी?"

नवऱ्याबद्दल असं विचारायची वेळ यावी!

बर्फाच्या जुन्या वखारीखाली, खडकांवर, मायलोची बादली तशीच आहे. शेवाळावरून पाय घसरला असणार — पाहिलं कुणीच नाही. इतकी वर्षं त्याच खडकांवर शेजारी उभं राहून मी आणि मायलोने पट्टेरी बास मासे धरले. बादली उचलायला माझा हात पुढे होत नाही.

१७ एप्रिल

हेरिंग मासे नदीत शिरले. म्हणजे त्यांना खायला त्यांच्यामागून समुद्रातले बास येणार. दरवर्षी या बातमीने मी घरभर नाचते. आज गळाचा रॉड कोपऱ्यातून काढलाच नाही. बासही पाणी तापलं की येतात.

१९ एप्रिल

न राहवून खडकांवर गेलेच. आमच्यासोबत नेहमी मासे धरणारा स्टॉश आधीच येऊन बसला होता. हा माणूस टोमणा मारल्याशिवाय गळ टाकत नाही, पण आज त्याने नुसतं सरकून मला जागा दिली.

ओहोटी लागली आणि माझ्या रॉडच्या टोकाची घंटी वाजली. ओढ नाही, झटका नाही — नुसतं जड. पाय रोवले. रीळ फिरवते आहे आणि मनात म्हणते आहे, नको, नको, नको.

ओंडका!

"झाडं धरायचा परवाना काढ, बर्नी," स्टॉश म्हणाला. हसलं कुणीच नाही. तोही नाही.

२२ एप्रिल

थिआ आली. हातात मायलोचा रॉड. "मला शिकव."

"मासे धरायला?"

"नाही."

तिची नजर नदीवर होती. मी सरळ सांगितलं, हे मला जमणार नाही. घरी जा, जेव, झोप.

"नको शिकवूस. स्टॉशला विचारेन. तोही नाही म्हणाला तर एकटी येऊन टाकेन."

एकटी! त्याच खडकांवर! शेवटी म्हटलं, ये, मीच शिकवते.

२५ एप्रिल

थिआचा पहिला गळ झाडात, दुसरा स्टॉशच्या टोपीत. तो ओरडला, "अगं बाई, नदी तिकडे आहे!" थिआ खळखळून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली. स्टॉशने टोपी काढून खिशात घातली, दिवसभर पुन्हा घातली नाही.

शिकते मात्र भराभर.

२८ एप्रिल

थिआच्या मुलीचा, जॅनिसचा फोन. "तुम्ही माझ्या आईला वेड लावताय! उद्या खरंच गळाला लागले बाबा, तर? काय करणार आहात तुम्ही?"

मी एवढंच म्हटलं, "तेव्हा ती एकटी नसेल."

३ मे

अंगणातला जांभळा लायलॅक फुलला. नदी बासने नुसती भरली आहे. थिआला आज पहिला बास लागला — भलामोठा! "किती जोर आहे गं याला!" म्हणत ती लढली, गालांवर रंग चढला. मासा हातात आला, तडफडला, आणि तिचा चेहरा उतरला. "हा नको." सोडून दिला. मग पाण्यात हात खसाखसा धूत राहिली.

घंटी वाजली की आम्ही आधी एकमेकींकडे बघतो, मग रॉडकडे.

८ मे

घडलं. झोपण्याआधी लिहून ठेवते.

ओहोटी संपत आली होती. थिआची घंटी एकदाच वाजली. रॉड हळूहळू वाकला आणि तसाच राहिला.

"बर्नी."

दूरवर, पाण्याच्या जरा खाली, कापड दिसलं. मी म्हटलं, दे माझ्याकडे. तिने मान हलवली. ओढलंही नाही तिने — भरतीने परत नेऊ नये म्हणून दोर नुसता ताणून धरला. स्टॉशने पोलिसांना फोन केला.

होडी येईपर्यंत ती त्याच्याशी बोलत होती. अगदी हळू. "आलास ना. थांब हं. नाही सोडत मी. सगळे येताहेत."

त्यांनी वर उचललं. लाल जाकीट. मायलोकडे लाल जाकीट नव्हतंच.

तोच तरुण पोलीस खडकांवर आला. "मॅडम, हे... हे तुमचे नव्हेत."

तरी थिआ रॉड सोडेना. तिची बोटं मी एकेक करून उघडली.

११ मे

लाल जाकीटवाला नदीच्या वरच्या अंगाच्या ट्रॉय शहराकडचा. जानेवारीत गोठलेल्या नदीच्या बर्फावरून चालत गेला, तो परतलाच नाही. आज त्याची आई धक्क्यावर आली. रोझालिंड. चांगला कोट घालून, जणू चर्चला निघाली आहे.

"रॉड कुणाच्या हातात होता?"

थिआ पुढे झाली. आमिषाच्या हेरिंगचा वास येणारे तिचे ते हात बाईंनी घट्ट धरले.

"त्याच्याशी कुणी काही बोललं का?"

थिआने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. होडी येईपर्यंत बोलत होते मी."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "बरं झालं गं." आणि मग रडल्या.

कुणाला समजून ती बोलत होती, हे थिआने सांगितलं नाही. मीही मरेपर्यंत सांगणार नाही.

१२ मे

आज गेलो नाही. ऊन छान होतं, वारा नव्हता, नदीत मासे उसळत होते. नुसतं गेलो नाही.

१५ मे

नदीच्या खालच्या अंगाच्या किंग्स्टनहून फोन आला. तिथल्या काठावर मासे धरणाऱ्या कुणा म्हाताऱ्याच्या गळाला — मायलो. या वेळी खात्री आहे. अंगठी, घड्याळ, सगळं त्याचंच.

घाईत लिहिते आहे. थिआ कोट चढवून दारात उभी आहे. रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांना सांग, त्या म्हाताऱ्याला एकटा सोडू नका. आम्ही निघालोय."