उकडलेल्या कणसाचा वास

माय,

परवा मी एक अख्खी टाकी नापास केली आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. टाकी पाण्याची नव्हे, बिअरची. शब्द वाचूनच तू पदर नाकाला लावशील, ठाऊक आहे मला. पण आज नवमी, पितरांच्या पंधरवड्यातला तुझा दिवस, आणि त्यासाठीच मी गावी आलेय. तुझं पान वाढून झालं. दादा-वहिनी जेवून शेतात गेले. मी एकटी तुझ्या स्वयंपाकघरात बसलेय. चुलीच्या जागी आता गॅस आहे, भिंतीला फरशी लागलीय, पण खिडकीतून येणारं ऊन अजून तिथंच पडतं, जिथं तू पाटावर बसून कणसं सोलायचीस. पानात खीर, वडे, कढी सगळं होतं, शिवाय मी एक उकडलेलं कणीस ठेवलं. वहिनी म्हणाली, "पितराच्या पानावर कनीस कोन ठेवते वं बाई?" म्हटलं, आमच्या मायले चालते. ती हसली, पण काढलं नाही.

तुला आठवतं का माहीत नाही, मी लहान असताना एकदा ताटातल्या भाजीला घाण म्हणाले होते. तू ताटच ओढून घेतलंस. "घान म्हंजे काय? खारट हाय, जयलं हाय, का आंबलं हाय? आधी हाय काय ते सांग, मंग नाव ठेव." मी मुसमुसत सांगितलं की खाली लागल्याचा वास येतोय. तू घास घेऊन पाहिलास, म्हणालीस हाव, लागली हाय, आणि ताट परत माझ्यापुढं सरकवलंस. म्हणजे वास बरोबर ओळखला तरी भाजी मात्र खावीच लागली. तेव्हा राग आला होता. पुढं माझी सगळी नोकरी त्या एका वाक्यावर चालणार होती हे त्या वयात कुठून कळायला.

नोकरीचं तुला सांगायला मी किती घाबरले होते. औरंगाबादेत बिअरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले होते, आणि ज्या घरात सांगायचं ते घर कोणाचं, तर गावातलं दारूचं दुकान बंद पाडणाऱ्या बाईचं. त्या वर्षी बायकांचं मतदान झालं होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी, दुकान नको असेल त्या बाईनं आडवीवर शिक्का मारायचा. तू आणि मागच्या गल्लीतली भाभी, दोघी उन्हातान्हात घरोघरी फिरलात. ज्या म्हाताऱ्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांना तू खरोखरची बाटली जमिनीवर आडवी ठेवून दाखवायचीस. दुकान बंद झालं. लोकांनी तुला हार घातला, तो तू घरी येऊन मामाच्या फोटोला घातलास. तुझा धाकटा भाऊ. पोट फुगून, पिवळा पडून मतदानाच्या आधल्या वर्षी गेलेला. तो घरी यायचा तेव्हा तू दारातच त्याच्या तोंडाचा वास घ्यायचीस आणि बाजूला व्हायचीस. तो वास तुझ्या नाकात कायमचा बसला होता.

तर अशा घरात मी ते सांगितलं. तू कणसं सोलत होतीस. हात थांबले नाहीत. पुढचं कणीस उचलत विचारलंस, "प्यावं लागते का?" मी म्हटलं, पिणं नव्हे, चव पाहून सांगायचं, चांगलं झालं की बिघडलं. मग म्हणालीस, "मंग थुकून टाकत जाय." मी मान डोलावली. निघताना तू माझ्या हातात ओव्याची एक पत्र्याची डबी दिलीस. एसटीत कोणाला तोंडाचा वास येऊ नये म्हणून. त्यात माया किती आणि लाज किती, हे मी कितीतरी वर्षं ठरवत बसले. आता वाटतं, दोन्ही होतं, आणि दोन्ही माझ्यासाठीच होतं.

आम्ही तिथं जी बिअर करायला लागलो होतो तिला हेलेस म्हणतात. जर्मन लोकांची जुनी चाल. त्यांच्या भाषेत हेलेस म्हणजे उजळ. रंग पिवळाधमक नाही, कडब्यासारखा सोनेरी. वर पांढराशुभ्र फेस, तो लगेच बसला नाही पाहिजे. वास ताज्या पावाचा, भिजवलेल्या कणकेचा, अगदी जरासा गवताचा. कडूपणा असा की घोट गेल्यावर कळावा, आधी नाही. नवशिक्या माणसाला ती फिकी लागते. मला मात्र पहिल्या दिवशीच कळली, कारण ती बिनफोडणीच्या वरणासारखी आहे. फोडणीखाली जुनी डाळ खपून जाते, साध्या वरणात नाही खपत. हेलेसमध्ये चूक लपवायला जागाच नसते. म्हणून ती करणं अवघड आणि तपासणं त्याहून अवघड.

पहिल्याच शिकवणीत मी माती खाल्ली. आमच्या साहेबांनी ओळीनं ग्लास मांडले आणि सांगितलं, यात एक बिघडलेला आहे, तो बाजूला काढा. मी एकेक हुंगत गेले. एका ग्लासापाशी आले आणि माय, मला एकदम हे स्वयंपाकघर दिसलं. तो कणसं उकडायचा गंज, त्यावर झाकलेली परात, परातीवर ठेवलेला वरवंटा, आणि कडेकडेनं निघणारी वाफ. मी तो ग्लास उचलला आणि सांगितलं, हा सगळ्यात चांगला. साहेबांनी विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, उकडलेलं कणीस. साहेब म्हणाले, बरोबर ओळखलंत, तोच तर बिघाड आहे. सगळी खोली हसली. बाकीच्यांना तो वास खटकला होता, कोणाला डब्यातल्या भाजीसारखा, कोणाला कोबीसारखा. त्या खोलीत आपल्या गावची, जानेफळची, मी एकटीच. मला तो घरासारखा वाटला, याला मी काय करू.

पोळ्याला घरी आले तेव्हा न राहवून तुला सांगितलं. म्हटलं, माय, तिथं कणसाच्या वासाला खराब म्हणतात. तू माझ्याकडं बघतच राहिलीस. "काऊन वं? येडे हायेत का ते?" मी समजावलं, की बिअर ज्याची करतात ते सातूचं पाणी उघड्यावर खळखळ उकळावं लागतं म्हणजे तो वास उडून जातो. झाकण ठेवलं किंवा आच कमी पडली तर आतच राहतो. तू म्हणालीस, "आन आपन परात झाकून ठेवतो, वास जाऊ नाई म्हनून." मग विचारलंस, तू काय सांगितलं त्यायले? म्हटलं, हेच सगळ्यात चांगलं. तू हसायला लागलीस. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "नापास झाली असन मंग." मी म्हटलं, हाव. माझ्या नोकरीच्या विषयावर तू पहिल्यांदा हसलीस ती त्या दिवशी. मला वाटलं, चला, आता निभेल. आणि वर तू म्हणालीस, "एक डाव आन बरं. मले पाहू दे, कोन्तं कनीस हाय ते."

दिवाळीला आणली. कणसाचा वास राहिला म्हणून ओतून द्यायच्या मालातली एक बाटली मागून घेतली आणि साडीत गुंडाळून एसटीतून मांडीवर धरून आणली. ज्या गावात तू बाटली आडवी केलीस त्याच गावात मी उभी बाटली घेऊन उतरले. तू दार लावून घेतलंस, खिडकीला फडकं टांगलंस, जशा काही आपण दोघी चोरी करतोय. मी स्टीलच्या पेल्यात ओतली. फेस पाहून तू दोन पावलं मागं सरलीस. मला कळलं, तू कणसाला नव्हे, मामाच्या वासाला भीत होतीस. मी म्हटलं, राहू दे माय. तू ऐकलं नाहीस. पेला हातात घेतलास, डोळे मिटलेस आणि हुंगलंस. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. आयुष्यात कुठल्या परीक्षेच्या निकालाची मी तशी वाट पाहिली नाही.

"कनीस हाय," तू म्हणालीस. मग पुन्हा हुंगून, "त्याच्याखाली कनीक हाय, भिजवलेली." पेला खाली ठेवलास. मग म्हणालीस, "तुह्या मामाच्या तोंडाले असा वास नव्हता येत." एवढंच. तू मला माफ केलंस की नाही हे मी त्यानंतर कधी विचारलं नाही. तुला जे आहे ते तू सांगितलंस. नाव ठेवलं नाहीस, ते मला पुष्कळ झालं. नंतर तू फेसात बोट बुडवून जिभेला लावलंस, तोंड वाकडं केलंस आणि मोरीत थुंकलीस. "कडू हाय. तू बी अशीच थुकत जाय." मी हाव म्हटलं. उरलेली सगळी तू नालीत ओतलीस आणि पेला राखेनं तीनतीनदा घासलास.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू गेलीस. बाबा होते, तू सवाष्ण गेलीस, म्हणून तुझं पान नवमीला. माझ्याजवळ ती डबी राहिली. तिच्यात आता ओवा नाही, तरी झाकण उघडलं की वास येतो.

आता त्या खोलीत शेवटचा शब्द माझा असतो. परवा हेलेसची नवी टाकी तपासायला होती. ज्यानं केली तो पोरगेलासा माणूस समोर हात बांधून उभा, त्याची ही पहिलीच. ग्लास नाकाशी नेला आणि तूच आलीस. इतर तपासणाऱ्यांमध्ये दोन तट पडले. तो पोरगा म्हणाला, "मॅडम, जरासाच आहे, जर्मनीत पण एवढा चालवून घेतात." खोटं नव्हतं ते. जरासा असता तर चालला असता. पण जरासा की जास्त, हे ठरवायचं मी, आणि या एका वासापुढं माझं नाक फितूर. मला तो कितीही असला तरी कमीच वाटणार. सगळे माझ्याकडं बघत होते. मी ग्लास खाली ठेवला, पाणी प्याले, आणि तुझं वाक्य मनात म्हटलं. आधी हाय काय ते सांग. कणीस आहे. कणकेच्या आधी येतंय. घोट गेल्यावरही मागं उरतंय. एवढं मोठ्यानं बोलून झाल्यावर नाव ठेवायला काही उरलंच नाही. म्हटलं, नापास, ओतून द्या. त्या पोराचा चेहरा पडला. त्याला बाजूला घेऊन सांगितलं की अशा वासावर मीही एकदा नापास झाले होते, आणि पुढच्या खेपेला आच वाढव, झाकण उघडं ठेव. तो बरं म्हणाला.

वहिनी शेतातून कणसं घेऊन आलीय, मागच्या दारी तिचा आवाज येतोय. हा कागद घडी घालून डबीत ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार. एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही, आज सांगते. बिअर थुंकत नसतात, माय. तिचा कडूपणा घशात मागं कळतो, तो पाहायचा तर घोट गिळावाच लागतो. म्हणून मी कधीच थुंकले नाही. आणि परवा सगळे निघून गेल्यावर त्या नापास टाकीचा ग्लास मी तिथंच बसून प्याले, सगळाच्या सगळा, सावकाश, तू जवळ होतीस तोवर.