नमुना क्रमांक सातसमोर बसलेल्या बाईंना उठवण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, शहादा, जि. नंदुरबार.

विषय : आमच्या शिला-दालनात नमुना क्र. ७ समोर बसून राहणाऱ्या श्रीमती फुलीबाई यांना पाहणी समितीच्या भेटीपूर्वी उठवून मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमचा मागील अर्ज, जो आपण ‘समजुतीने घ्यावे’ असा शेरा मारून परत केलात.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, समजुतीने घेऊन झाले. आता पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणणे भाग आहे.

१. आमचे मंडळ तरुणांना कडे चढायला आणि दगड ओळखायला शिकवते. गेल्या उन्हाळ्यात मोलगीच्या वरच्या अंगाला एका कड्यावर आमचे शिबिर झाले. कड्याच्या पायथ्याशी गुडघाभर उंचीचा एक काळा दगड उभा आढळला. त्याच्या फक्त पूर्वेकडील अंगावर लाल थर होता. लाव्हारसाने भाजलेल्या मातीचा असा थर खडकात आडवा सापडतो. उभ्या दगडावर तो आजवर कोणी पाहिलेला नाही. शोधाचे महत्त्व ओळखून आम्ही तो पहारीने उपटून आणला व दालनात नमुना क्र. ७ म्हणून मांडला. भोवती मातीचे घोडे मांडलेले होते. ते भूशास्त्रीय नसल्यामुळे तेथेच राहू दिले.

२. फुलीबाईंचे म्हणणे असे की, तो दगड म्हणजे त्यांचे यजमान सुरुपसिंग. हा इसम आदल्या वर्षी त्याच कड्यावरून पडून मयत झाला. पडून मेलेल्याचा दगड पडल्या जागी उभा करायचा, नवे धान्य आधी त्याच्यापुढे ठेवायचे आणि मगच घरात शिजवायचे, अशी त्यांच्याकडे रीत आहे. येथे खुलासा करतो की, सुरुपसिंग आमचा शिबिरार्थी नव्हता. तो फक्त त्या वर्षीच्या शिबिरात आमचा दोर वर घेऊन गेला, बांधला आणि मुले चढण्यापूर्वी त्यावर स्वतःचे वजन टाकून पाहिले. दोर मंडळाचा होता, एवढ्यावरून माणूस मंडळाचा ठरत नाही. दोर तुटला हे मात्र बरे झाले, कारण त्यानंतर आम्ही चांगल्या प्रतीचा घेतला.

३. दिवाळीपासून सदर बाई मोलगीहून जीप, पुढे एस.टी. असे करत येऊन दालनात मुक्कामी आहेत. पळसाच्या द्रोणात नवी भगर घेऊन त्या नमुन्यासमोर बसतात आणि नवीन फरशीवर मोहाच्या दारूचे थेंब सोडतात. त्यामुळे सहलीला आलेली शाळेची मुले नमुना क्र. ६ पर्यंत दंगा करतात आणि ७ जवळ आली की चपला काढतात. आमचा रखवालदार गोकुळ यास बाईंना हटविण्याची लेखी आज्ञा दिली. तो रोज म्हणतो, “उठ ना माय, सायेब मन्हावर वरडी ऱ्हायना.” बाई म्हणतात, “तू जा, जेवून घे. मी याला एकट्याला सोडत नाही.” मग गोकुळ आपल्या डब्यातली भाकर मोडून अर्धी त्यांना देतो. जाब विचारता, “सायेब, तुम्हीच सांगा तिले. मन्ही जीभ उचलत नही,” असे उद्धट उत्तर मिळाले.

४. लाल थर हा शेंदूर आहे, असा बाईंचा दावा आहे. आमचा शोधनिबंध तोवर छापून झाला होता. तरीही विज्ञाननिष्ठा म्हणून दगडाचा वरचा वीतभर भाग यंत्राने कापून तपासणीस पाठविला. अहवालात शेंदूर व गोडेतेल असे आले. सदर अहवाल एकतर्फी असल्याचे मंडळाचे मत आहे. बाईंनी एवढेच विचारले, “डोकं कुठे ठेवलं?” तपासणीत संपले, असे आम्ही शांतपणे समजावून सांगितले. तेव्हापासून त्यांनी द्रोण पुढे करणे बंद केले आहे. ज्याला तोंडच उरले नाही त्याने चाखायचे कसे, असे त्या गोकुळला म्हणाल्या. परिणामी त्यांच्या पाड्यावरील घरात कणगी भरलेली असून तिला कोणी हात लावत नाही. नातवंडे मागून आणलेल्या पेजेवर आहेत. घरात धान्य असताना उपाशी राहणे हा जिल्ह्याच्या आकडेवारीस बाधा आणणारा प्रकार असून त्याकडे आपले लक्ष वेधतो.

५. मंडळ निर्दयी नाही. आम्ही त्याच कड्यावरून तीन दगड स्वखर्चाने आणून, धुऊन, बाईंपुढे ठेवले. तिन्ही आकाराने मोठे आणि बिनतड्याचे. बाईंनी प्रत्येकावर बराच वेळ हात ठेवला आणि म्हणाल्या, “दगड चांगले आहेत. पण यांच्यात कोणी नाही.”

महोदय, या प्रकरणात बाईंच्या तोंडून निघालेले एवढेच विधान आमच्या उपयोगाचे आहे. त्या तीन दगडांत कोणी नाही, हे त्या स्वतः मान्य करतात. तरी विनंती की, आपण स्थळपाहणी करून नमुना क्र. ७ मध्येदेखील कोणी नाही, असा दाखला सही-शिक्क्यानिशी द्यावा. समिती सोमवारी येणार आहे. बाईंना वाचता येत नाही; दाखला गोकुळ त्यांना वाचून दाखवील. त्याला कामावरून कमी करण्याचे पत्र आम्ही त्यानंतरच देऊ.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,

(हेमकांत चुनीलाल चौधरी)
सचिव, शिलासंग्रह व कडेचढाई मंडळ, शहादा
दि. १२ डिसेंबर २०२४

सोबत : १) शोधनिबंधाची प्रत. २) दाखल्याचा तयार मसुदा. मयताचे नाव घालण्याची जागा मुद्दाम ठेवलेली नाही.