पुढचा बाक

प्रिय मार्लिस,

तुझा बाप रविवारी सकाळी गेला. मी कॉफी ओतून वळले, तर मान छातीवर. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. म्हणून हे कागदावर. आठवीत शाळा सुटली माझी, अक्षराला हसू नकोस.

काल अंत्यविधीचं बघणारा ऑर्वो आला. पेपरात द्यायचा मजकूर तोच लिहून घेऊन आला होता. "काकू, तुम्ही फक्त हो म्हणा." लाडके सुतारकाम-शिक्षक, एकतीस वर्षं शाळेत, कुटुंबावर जीव असलेला माणूस. मी म्हटलं, "संत लिहायचं राहिलं की रे." तो बिचारा हसलासुद्धा नाही. त्याच्या आईकडे अजून त्यानं आठवीत तुझ्या बापाच्या वर्गात केलेली पाव कापायची फळी आहे.

आणि त्या मजकुरात खोटं काही नाही, हेच तर अवघड. विएनोचा तोतरा मुलगा आठवतो? वर्गात कोणी हसलं की तुझा बाप म्हणायचा, "तू रंधा मार, बोलायचं काम रंध्याला करू दे." त्या मुलानं आज अर्ध्या गावाच्या खिडक्या बसवल्यात. माझी सासू नऊ वर्षं अंथरुणावर होती. दर शनिवारी तुझा बाप तिला उचलून सौनात, वाफेच्या न्हाणीत, न्यायचा, आणि ती त्याला शिव्या घालायची, की पाणी कमी तापलंय. लाकडावरून अंगठा फिरवायचा आणि पोरांना सांगायचा, "डोळा फसतो, अंगठा फसत नाही."

बावीस वर्षांपूर्वी तुझ्या अपघाताच्या चौकशीत मात्र त्याचीच जीभ फसली. की त्यानं फसवलं, तूच ठरव. शाळेतल्या यंत्राच्या करवतीचं, पात्यावरचं झाकण विद्यार्थिनीनं स्वतः काढलं, असं तो म्हणाला. विद्यार्थिनी म्हणजे तू, सतरा वर्षांची, हाताला पट्टी, दोन बोटं कमी. तू म्हणालीस, "झाकण आधीपासूनच नव्हतं." घरी आल्यावर मी तुला थोबाडीत मारली आणि म्हटलं, "बापाची नोकरी घालवशील."

मार्लिस, मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी मी शाळेत त्याची कॉफी घेऊन गेले होते. चर्चच्या नव्या बाकाच्या फळ्यांना खाच पाडायची म्हणून त्यानं झाकण काढून ठेवलं होतं. मी पेला त्याच झाकणावर ठेवला. म्हटलंही, "परत बसवशील ना रे?" "हो हो," म्हणाला. सकाळी पहिला तास तुझा होता.

तू निघून गेल्यावर तो दर हिवाळ्यात एक पटाशी घ्यायचा आणि तिला तुझ्या हाताच्या मापाची लाकडी मूठ करायचा. तीनच बोटांना बसेल अशी. बावीस पटाश्या आहेत, पेटीत, तेल लावून. एकही पाठवली नाही. मी त्याला म्हटलं होतं, "माफी तोंडानं मागतात, लाकडानं नाही." तेव्हापासून तो पेटी माझ्यासमोर उघडत नसे. मी तरी कुठं मागितली? मला तर लाकूडही येत नाही.

त्या संध्याकाळच्या फळ्यांचा तो बाक चर्चमध्ये सगळ्यात पुढं आहे, अंत्यविधीला घरच्या माणसांनी बसायचा. मी त्यावर आजवर बसलेली नाही. मला खोकला आहे म्हणून मी दाराशी बसते, असं लोकांना वाटतं. वाटू दे, म्हटलं. खोकला बरा झाला असता तर उलट पंचाईत.

ऑर्वोचा कागद मी ठेवून घेतला. मागे राहिलेल्यांच्या ओळीत तुझं नाव नव्हतं. गावाची सवय झालीय ती. मी ते सगळ्यात आधी लिहिलं, नंतर तुझ्या दोन्ही मुलींचं, नंतर माझं. झाकणाचं पेपरात छापत नाहीत म्हणे. म्हणून शनिवारी अकरा वाजता चर्चमध्ये, त्याच्या अंत्यविधीला सगळं गाव बसलेलं असताना, मी उभी राहून सांगणार आहे, की झाकण त्यानं काढलं होतं, मी पाहिलं होतं आणि माझी मुलगी खरं बोलली होती. तो जिवंत असताना सांगायला हवं होतं, हे मला कुणी शिकवायला नको. या गावात पुढं मलाच राहायचंय, ते मी बघेन. तू आलीस तरी सांगणार, नाही आलीस तरी सांगणार. आलीस, तर बोलून झाल्यावर मी त्या बाकावर तुझ्याशेजारी बसेन, तू सरकून जागा दिलीस तर. नाहीतर दाराशी माझी जागा आहेच.

तुझीच,
आई