सगळ्यात सोपी कोंबडी

सोमवार, ता. ३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला पोटातलं ओरडून सांगता येत नाही, म्हणून पत्र. चिमी येत्या रविवारी जावयांना घेऊन जेवायला येते आहे, चार वर्षांनी. लग्न ठरवून आली तेव्हा मी लेकीला याच दारात म्हणालो होतो की या घरात तुझं ताट मांडलं जाणार नाही. तिची आई गेली तेव्हाही ती बाहेरच्या बाहेर परत गेली. आता ताट मांडायचं आहे आणि मांडणारी नाही.

डबा मागवायला मन घेत नाही. हिच्या हातची कोंबडी तुझ्याकडूनच आलेली, ती लिहून पाठव. ‘अंदाजाने’ हा शब्द मात्र नको. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस मी, अंदाजाने कधी स्क्रू फिरवला नाही. लिहिशील तेवढंच करीन.

उलट टपाली लिही, माया असू दे.
बाळू

बुधवार, ता. ५

चि. बाळूस, अ. आ.

साठीला टेकल्यावर स्वयंपाकघर दिसलं म्हणायचं! ऐक, याहून सोपी कोंबडी नाही. एक किलो धुऊन घे, वाटीभर दही, चमचाभर हळद, दोन चमचे तिखट, आलं-लसणाचं वाटण लावून तासभर ठेव. चार कांदे तेलात तांबूस होईपर्यंत परत, त्यात दोन टोमॅटो, दोन चमचे गरम मसाला, मग कोंबडी. झाकण ठेवून मंद आचेवर चाळीस मिनिटं. वर कोथिंबीर.

जुनं उकरू नकोस. जिभेला हाड नसतं, हे तुला मी सांगायला नको.

काळजी करणारी,
ताई

शुक्रवार, ता. ७

चि. बाळूस, अ. आ.

अरे, मीठ लिहायचं राहिलं! आमचा हात आपोआप डब्याकडे जातो, पण तुझा जायचा नाही. सूनबाई तीनदा फोन लावून थकली, तू उचलत नाहीस. दोन चमचे मीठ घाल रे. हे पत्र उद्या पोचलं नाही तर पोरीचं ताट माझ्यामुळे आळणी. माझा जीव थाऱ्यावर नाही.

ताई

सोमवार, ता. १०

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं मिठाचं पत्र आज सकाळी आलं.

काल चिमी खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता खुर्चीच्या कडेला बसली होती. जावईबुवांनी पहिला घास घेतला, छान आहे म्हणाले आणि पेलाभर पाणी प्याले. मग मी खाल्लं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, ताई. तेवढ्यात चिमी उठली. मला वाटलं, संपलं, ही निघाली.

तिने पिशवी खुर्चीला अडकवली आणि आत गेली. दिवा न लावता चहाच्या डब्यामागे हात घालून मिठाचा डबा काढला. आई ठेवायची तिथेच तो अजून आहे. पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. मी दारात उभा राहून म्हणालो की त्या दिवशी चुकलो. तिने रस्सा ढवळत, ओट्यावरच्या तुझ्या पत्राकडे बघून विचारलं की आत्याने मीठ लिहिलं नव्हतं ना. नव्हतं, म्हणालो. मग हसली आणि ताटं तिनेच वाढली, चारही, एक आईचं समजून.

निघताना म्हणाली की पुढच्या रविवारी कोंबडी तुम्हीच करा, मीठ मी घालीन. तेव्हा तुझे दोन चमचे राहू देत. तेवढं मी मुद्दाम विसरणार आहे.

लोभ आहे तसाच राहो, दृष्ट काढायला ये.
बाळू